दूरस्थ दुर्बिणीतून खोल आकाशाचे छायाचित्रण

छायाचित्रकार एका ठिकाणी आणि त्याची दुर्बीण शेकडो किंवा हजारो किलोमीटरवरच्या अंधाऱ्या, कोरड्या जागी, अशा पद्धतीने केलेले आकाशाचे चित्रण म्हणजे दूरस्थ खगोल छायाचित्रण. दुर्बीण, तिला ताऱ्यांच्या गतीने फिरवणारी बैठक, थंड ठेवलेला कॅमेरा, फिल्टरचे चाक आणि संगणक हे सगळे यजमान वेधशाळेच्या सरकत्या छपराखाली कायमचे बसवलेले असते. मालक घरबसल्या इंटरनेटवरून रात्रीचा कार्यक्रम लावून देतो आणि नंतर फायली उतरवून घेतो. विषय म्हणजे मुख्यतः तेजोमेघ, दीर्घिका आणि तारकागुच्छ. हे पदार्थ इतके मंद असतात की त्यांचा प्रकाश तासन् तास साठवावा लागतो, म्हणून दुर्बिणीच्या आकाराइतकेच महत्त्व जागेला येते. गोव्यातल्या हौशी निरीक्षकाला हे विशेष जाणवते.

गोव्याचे आकाश

पणजी साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि हा अक्षांश भाग्याचा आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर राहतो, पण त्या बदल्यात दक्षिणेचे आकाश बरेच उघडते. एप्रिल-मे महिन्यांत त्रिशंकू सहज ओळखता येतो, आणि नरतुरंगातला ओमेगा हा प्रचंड गोलाकार तारकागुच्छ २७ अंशांपर्यंत चढतो. आणखी दक्षिणेला मात्र अडचण सुरू होते. नौकातल तारकासमूहातला ईटा तेजोमेघ गोव्यातून फार तर १५ अंशांवर येतो, म्हणजे त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत जवळपास चौपट हवेतून वाट काढत पोहोचतो. मोठा मॅजेलनी मेघ तर ५ अंशही चढत नाही. तो माडांच्या शेंड्यांआड आणि समुद्रावरच्या धुरकटपणात हरवतो.

यापेक्षा मोठी अडचण ऋतूची. आपल्या आकाशगंगेचा केंद्रभाग धनू राशीत आहे आणि तो जूनच्या अखेरीस मध्यरात्री सर्वात उंच असतो. गोव्यातून तेव्हा तो दक्षिणेला तब्बल ४५ अंशांवर असतो, पण त्याआधीच मृग लागलेला असतो आणि दुर्बिणी कपाटात गेलेल्या असतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे आकाशातला सर्वात श्रीमंत भाग ज्या महिन्यांत रात्रभर दिसायला हवा, नेमके तेच महिने ढगांखाली जातात.

नोव्हेंबर ते मार्च हा इथला खरा हंगाम, पण तोही विनासायास मिळत नाही. किनाऱ्याजवळ रात्री दहा-अकरानंतर वस्तुभिंगावर दव धरते. ते टाळायला नळीभोवती तापणारी पट्टी गुंडाळतात. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल नीट ठेवले नाही तर भिंगावर बुरशीची जाळी पसरते, आणि खारी हवा स्क्रू व बेअरिंगांना गंज चढवते. त्यात प्रकाशाची भर. किनारपट्टीवरची हॉटेले, महामार्गांचे नवे दिवे, २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ यांमुळे बार्देश, तिसवाडी, पेडणे या बाजूंना क्षितिज रात्रभर पांढरट राहते. सत्तरी, चोर्ला घाट, मोले, नेत्रावळी या पूर्वेकडच्या भागांत अजून चांगला अंधार मिळतो, पण तिथे दर वेळी पन्नास-साठ किलो सामान नेऊन उभारायचे आणि पहाटे आवरायचे, हे नोकरीधंदा सांभाळून वर्षातून फार वेळा होत नाही.

प्रकाशप्रदूषणाची किंमत आकड्यांत मांडली की दूरस्थ दुर्बिणीचे आकर्षण समजते. आकाशाचा काळोख 'दर चौरस विकलेला इतकी प्रत' या एककात मोजतात. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, प्रत म्हणजे तेजस्वितेची पायरी; आकडा जितका मोठा तितका काळोख गडद. उत्तम आकाश २२ च्या आसपास असते, मोठ्या शहरांवरचे १८ च्या आसपास. फरक फक्त ४ प्रतींचा, पण प्रत्येक प्रत म्हणजे सुमारे २.५ पट, त्यामुळे शहराचे आकाश जवळजवळ ४० पट उजळ ठरते. मंद दीर्घिकेचे जे चित्र अंधाऱ्या जागी एका तासात मिळते, तितकेच स्वच्छ चित्र शहरातून मिळवायला ४० तास लागतील. संकेत (लक्ष्याचा प्रकाश) आणि गोंगाट (चित्रातला दाणेदारपणा) यांचे गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: चित्र दुप्पट स्वच्छ करायचे तर चौपट वेळ. या नियमातून कोणतीही महागडी दुर्बीण सुटका करून देत नाही. चांगली जागा मात्र मुळात लागणारा वेळच कमी करते.

यजमान वेधशाळा

चिलीच्या रिओ उर्तादो खोऱ्यातले एल साउसे, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको व टेक्सासमधली ठिकाणे, स्पेनचा एक्स्त्रेमादुरा प्रांत, नामिबियातली पठारे, ऑस्ट्रेलियातले सायडिंग स्प्रिंग ही या कामासाठी नावाजलेली ठिकाणे. गोवेकराला चिली दोन कारणांसाठी खुणावते. एल साउसे सुमारे ३० अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे आकाशगंगेचा केंद्रभाग तिथे थेट माथ्यावर येतो आणि मॅजेलनी मेघ कधी मावळतच नाहीत. दुसरे कारण घड्याळाचे. जुलैत तिथे हिवाळा असतो, रात्र अकरा तासांच्या आसपास खऱ्या अर्थाने काळीकुट्ट असते, आणि ती रात्र आपल्याकडे पहाटे पाचच्या सुमारास सुरू होऊन दुपारी साडेतीनच्या पुढे संपते. म्हणजे फोंड्यात मुसळधार कोसळत असताना, दुकान उघडायच्या आधी, चहा घेता घेता दुर्बिणीची पहिली फ्रेम तपासता येते. मधेच घरची वीज गेली तरी काम थांबत नाही, कारण दुर्बीण चालवणारा संगणक तिथेच बैठकीच्या पायाशी असतो. घरचा संगणक किंवा फोन ही फक्त त्याची खिडकी.

व्यावसायिक खगोलशास्त्रात ही पद्धत भारताने बरीच आधी रुजवली. लडाखमधल्या हान्ले येथे ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. २००० साली तिने पहिला प्रकाश टिपला. निरीक्षक तिथे जात नाहीत, ते बंगळुरूजवळच्या होसकोटे येथे बसून उपग्रह जोडणीवरून तिला चालवतात. हौशी लोकांसाठी वाट मोकळी झाली ती निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच आज्ञावलीने चालवू देणाऱ्या 'ॲस्कॉम' या मानकामुळे, आणि पुढे थंड ठेवता येणारे सीमॉस (डिजिटल कॅमेऱ्यातल्या संवेदकाचा एक प्रकार) कॅमेरे आवाक्यात आल्यामुळे.

यजमान वेधशाळा भाड्याच्या बदल्यात काँक्रीटचा खांब, वीज, इंटरनेट, छप्पर आणि गरज पडली तर हात देते. हा शेवटचा भाग लोक कमी लेखतात. केबल अडकली, फिल्टरच्या चाकाने मान टाकली, नळीत कोळी शिरला की हजारो किलोमीटरवरून काहीच करता येत नाही. तिथला तंत्रज्ञ खांबापर्यंत चालत जातो तेव्हाच काम पुढे सरकते. वेधशाळा निवडताना आकाशाच्या खालोखाल याच माणसांची चौकशी करावी.

यंत्रणा आणि एक रात्र

नमुन्यादाखल १०६ मिलिमीटर व्यासाची, ५३० मिलिमीटर नाभीय अंतराची अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण आणि २६ मेगापिक्सेलचा, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा एकरंगी कॅमेरा घेऊ. पिक्सेलचा आकार नाभीय अंतराने भागून २०६ ने गुणला की एका पिक्सेलवर किती आकाश पडते ते कळते: इथे सुमारे दीड विकला. पूर्ण चौकट अडीच अंश गुणिले १.७ अंश, म्हणजे रुंदीत पाच पौर्णिमेचे चंद्र. धनू राशीतला लगून तेजोमेघ आणि त्याच्या उत्तरेचा त्रिखंडी तेजोमेघ या चौकटीत शेजारीशेजारी बसतात. कॅमेरा एकरंगी घेतात, कारण प्रत्येक फिल्टरला संवेदकाचे सगळे पिक्सेल वापरता येतात. हायड्रोजन-अल्फा या हायड्रोजनच्या लाल प्रकाशासाठी ६५६.३ नॅनोमीटर, दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनसाठी ५००.७ नॅनोमीटर असे अरुंद पट्ट्यांचे फिल्टर चांदण्या रात्रीही बऱ्यापैकी काम देतात.

रात्रीचा क्रम 'निना'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेला असतो. सूर्य क्षितिजाखाली पुरेसा गेला, ढगमापक आणि पाऊसमापक यांनी हिरवा कंदील दिला की छप्पर सरकते. कॅमेरा उणे १० अंशांपर्यंत थंड होतो. दुर्बीण लक्ष्याकडे वळते, एक छोटी फ्रेम घेते, तिच्यातली ताऱ्यांची रचना सूचीशी ताडून आपण नेमके कुठे पाहतो आहोत हे काढते आणि उरलेली चूक स्वतः दुरुस्त करते. मग फोकस. फोकसर थोडा थोडा सरकवत प्रत्येक जागी ताऱ्यांची त्रिज्या मोजली जाते. आलेख खोल वाटीसारखा उमटतो आणि वाटीचा तळ म्हणजे योग्य फोकस. तापमान उतरले की नळी आकसते, तळ सरकतो, म्हणून हे रात्रीतून अनेकदा करावे लागते. कोरड्या डोंगरावर सूर्यास्तानंतर तापमान झपाट्याने घसरते, त्यामुळे पहिल्या दोन तासांत फोकसकडे विशेष लक्ष ठेवावे.

लक्ष्य याम्योत्तर वृत्त (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण काल्पनिक रेषा) ओलांडते तेव्हा जर्मन पद्धतीच्या बैठकीला दुर्बीण पलीकडच्या बाजूला फिरवावी लागते, नाहीतर नळी खांबावर आपटेल. सैल सोडलेली केबल याच वेळी अडकते. दुसरा धोका पहाटेचा: दुर्बीण आडवी विसावलेली नसताना छप्पर मिटले तर दोन्हींची वाट लागते. म्हणून दुर्बीण जागेवर असल्याची खात्री देणारा स्वतंत्र संवेदक बसवल्याशिवाय चांगल्या वेधशाळा उपकरण स्वीकारत नाहीत. जवळ उभा असलेला माणूस ज्या चुका डोळ्याने पाहून थांबवतो, त्या सगळ्यांचा विचार इथे आधी करून ठेवावा लागतो. या छंदातले खरे कौशल्य तेच आहे. दुर्बीण दूर आहे म्हणून काम सोपे होते असे समजणाऱ्याने एकदा अशी क्रमावली स्वतः लिहून पाहावी.

३०० सेकंदांच्या ९६ फ्रेम घेतल्या की ८ तास भरतात. प्रत्येक फ्रेम ५२ मेगाबाइटची, म्हणजे रात्रीचे ५ गिगाबाइट. लागोपाठच्या फ्रेममध्ये दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल सरकवली जाते, म्हणजे संवेदकाचे दोष एकाच जागी साचत नाहीत.

फायलींपासून चित्रापर्यंत

उतरवलेली एकटी फ्रेम उघडली तर निराशा होते: काळा पडदा आणि मोजके पांढरे ठिपके. तेजोमेघ त्यातच असतो, पण आकड्यांच्या अगदी तळाच्या थरात. आधी झाकण लावून त्याच तापमानाला, तितक्याच वेळाच्या घेतलेल्या काळ्या फ्रेम वजा करतात. मग समान उजळलेल्या पटलाच्या 'फ्लॅट' फ्रेमने भागतात, म्हणजे भिंगाच्या कडांचा अंधार आणि धुळीच्या कणांची गोल वर्तुळे जातात. नंतर सगळ्या फ्रेम एकावर एक रचतात. उपग्रहांच्या रेषा ज्या एक-दोन फ्रेममध्येच असतात, त्या सांख्यिकीने बाद होतात. 'पिक्सइनसाइट' किंवा मोफत मिळणाऱ्या 'सिरिल'मध्ये मंद भाग वर ओढला की काळ्या पडद्यातून धुळीच्या कडा, तरुण ताऱ्यांनी पोखरलेल्या पोकळ्या दिसू लागतात.

रंगांबाबत स्पष्टपणा हवा. सल्फर लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा ही हबल दुर्बिणीच्या चित्रांमुळे परिचित झालेली मांडणी वायूंचे स्थान दाखवते, डोळ्याला दिसेल तो रंग नाही. चित्राखाली ते लिहावे. तसेच स्वतःच्या दुर्बिणीवरचे चित्र, गटाच्या सामायिक दुर्बिणीवरचे, तासावर भाड्याने घेतलेल्या वेळेतले आणि दुसऱ्याने टिपलेल्या, विकत घेतलेल्या फायलींवर केवळ संस्करण केलेले, हे चार वेगळे प्रकार आहेत. चौथ्यातही पुष्कळ कसब लागते, परंतु टिपणाऱ्याचे श्रेय वेगळे द्यायलाच हवे.

सामायिक दुर्बीण किती दूर नेऊ शकते याचे उत्तम उदाहरण 'सिएल ऑस्ट्राल' या फ्रेंच हौशी गटाचे. त्यांनी एल साउसे येथील १६० मिलिमीटरच्या दुर्बिणीने मोठ्या मॅजेलनी मेघाचे १०६० तासांचे निरीक्षण एकत्र करून २०१९ मध्ये सुमारे २० कोटी पिक्सेलचे चित्र सादर केले. पाच जणांनी खर्च आणि काम वाटून घेतले होते. गोव्यासारख्या लहान प्रदेशात हाच मार्ग सर्वात व्यवहार्य आहे: म्हापसा, मडगाव, फोंडा इथले चार-पाच जण मिळून एक खांब घेऊ शकतात. उपकरणे परदेशातच विकत घेऊन थेट वेधशाळेत पोहोचवली तर भारतातले आयात शुल्कही पडत नाही.

स्थानिक निरीक्षणाशी नाते

पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या सार्वजनिक वेधशाळेतून 'असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी' या संस्थेने सामान्य गोवेकरांना दुर्बिणीला डोळा लावायची सवय लावली. दूरस्थ छायाचित्रणाकडे वळणाऱ्याने आधी हेच करावे. कोणता तारकासमूह कधी उगवतो, चंद्राची कोणती कला कोणत्या लक्ष्याला बाधते, हे अंगात मुरलेले नसेल तर चिलीतला भाड्याचा तास वाया जातो. हिवाळ्यात नेत्रावळीला एखादी छोटी दुर्बीण हाताने फिरवून देवयानी दीर्घिका शोधणे हे या कामाचे उत्तम प्रशिक्षण आहे.

गोव्याचा उरलेला अंधार जपणे हा याच विषयाचा भाग मानायला हवा. परदेशातले आकाश भाड्याने मिळते म्हणून इथले सोडून देणे बरोबर नाही. शेजारच्या महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आकाशाच्या काळोखाची मोजमापे आणि दिव्यांचा प्रकाश फक्त खाली पाडणाऱ्या टोप्या लागतात. मोले व नेत्रावळी या अभयारण्यांच्या परिसरात अशी मोजमापे अमावास्येच्या आसपास, चंद्र नसताना, नियमित घेता येतील. त्यासाठी लागणारे काळोखमापक यंत्र मुठीत मावते आणि एका क्लबला एकच पुरते.