चावी बंद केली म्हणजे स्पार्क बंद झाला असं नसतं

इंदूरला बिजासन टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलं की शेजारच्या विमानतळावरची विमानं बघत उभं राहायचं हा आपल्याकडचा जुना उद्योग, आणि सगळ्यांचे मोबाईल वळतात ते मोठ्या जेटकडे. पण खरी गंमत फ्लाइंग क्लबच्या त्या फटफट करणाऱ्या छोट्या विमानांत असते. सेसना 152 घ्या, चार सिलिंडर आणि स्पार्क प्लग मात्र आठ, आणि ते पेटवायला बॅटरी लागतच नाही!

जुन्या लुनाला कुठे बॅटरी होती, तरी स्पार्क पडायचाच ना? तसंच इथे मॅग्नेटो असतो. इंजिन आतला लोहचुंबक फिरवतं, त्याने कॉइलच्या जाड तारेत करंट तयार होतो आणि तो जोरात असताना नेमके पॉइंट (उघड-मीट करणारा छोटा स्विच) उघडतात, करंट तुटतो, आणि हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत एकदम दहा-वीस हजार व्होल्ट उसळतात. पॉइंट उघडताना ठिणगीने जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर. असे दोन मॅग्नेटो, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले, प्रत्येकाकडे दर सिलिंडरमागे एक प्लग. एक मेला तरी दुसरा घरी आणतो.

आता मेख अशी की जी वस्तू स्वतःच वीज बनवते तिला बंद कसं करणार? तर चावी फिरवल्यावर पी-लीड नावाची एक वायर मॅग्नेटोला विमानाच्या बॉडीशी अर्थ करते, मग पॉइंट उघडले तरी करंट तुटत नाही आणि स्पार्क पडत नाही. म्हणजे ही वायर तुटली तर चावी खिशात असूनही मॅग्नेटो चालूच. हवेत हे उत्तमच, जमिनीवर जीवघेणं. त्यात इम्पल्स कपलिंग म्हणून एक स्प्रिंग असते, स्टार्ट करताना इंजिन हळू फिरतं म्हणून ती चुंबकाला अडवून धरते आणि टक्कन सोडते, त्यामुळे हाताने पंखा थोडासा ढकलला तरी झकास स्पार्क पडू शकतो. फोटोसाठी पंख्याला लटकणाऱ्यांनी हे वाचावं.

उडण्याआधी पायलट 1700 आरपीएमला एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. एकच प्लग पेटला की ज्वाळेला सिलिंडरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला जास्त वेळ लागतो, ताकद कमी पडते, आरपीएम उतरतात. या विमानात 125 पर्यंत उतार चालतो, दोघांत फरक 50 च्या आत. नवशिक्याला वाटतं काहीच उतरलं नाही तर इंजिन एक नंबर, पण तीच शंकेची जागा: पी-लीड तुटल्याने मॅग्नेटो बंदच झाला नसेल किंवा स्पार्कचं टायमिंग बिघडलं असेल.

जास्त घसरलं आणि इंजिन खडखडायला लागलं तर बहुतेक वेळा प्लगच घाण झालेला असतो. विमानाच्या 100 एलएल पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं, नावात लो लेड असलं तरी, आणि त्याचे राखाडी मणी प्लगच्या तोंडात चिकटतात. खालच्या प्लगमध्ये तेलही उतरतं. साधारण दर 100 तासांनी प्लग काढायचे, मणी टोकरायचे, गॅप मापायचा, आणि परत लावताना वरचा खाली, खालचा वर करायचा, कारण एका जागी राहिला की प्लग एकाच बाजूने झिजतो. वॉशर नवा. हातातून पडलेला प्लग सरळ कचऱ्यात, आतल्या चिनी मातीला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही. मॅग्नेटो मात्र 500 तासांनी खोलतात, तेव्हा पॉइंट, कॉइल, कार्बन ब्रश सगळं बघायचं.

आणि उतरल्यावर इंजिन बंद करण्याआधी, मंद चालत असताना, चावी क्षणभर ऑफवर नेऊन लगेच परत आणायची. इंजिन गचकलं तर वायर शाबूत आहे. गचकलंच नाही तर इंजिन मिक्श्चरचा दांडा ओढून, म्हणजे पेट्रोल तोडून, बंद करायचं, पंख्यावर पाटी लावायची आणि इंजिनिअरला बोलवायचं, तोवर पंख्याजवळ कोणी फिरकायचं नाही.