सीए 19-9 चा आकडा म्हणजे आयुष्याची मुदत नव्हे

सीए 19-9 हा रक्तात मोजला जाणारा एक घटक; स्वादुपिंडाच्या कर्करोगात तो बहुधा वाढतो. त्यावरून ‘सीए 19-9 हजारावर गेलं, म्हणजे संपलंच’ आणि ‘नॉर्मल आलं, म्हणजे सुटलो’ ही दोन वाक्यं वर्षानुवर्षं फिरतायत. दोन्ही चुकीची.

रिपोर्टवर 37 युनिटपर्यंतची पातळी नॉर्मल छापलेली असते. पण पित्तनलिका तुंबून कावीळ झाली, की कर्करोग नसतानाही हा आकडा शेकड्यांत, कधी हजारांत जातो. स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकून पित्त वाहतं झालं, की तोच धाडकन उतरतो. गाठ असलीच, तर ती मात्र होती तेवढीच! म्हणून कावीळ उतरल्यावर तपासणी पुन्हा करायची.

उलट बाजूही आहे. साधारण 5 ते 10 टक्के लोकांच्या शरीरात हा घटक जवळजवळ तयारच होत नाही; त्यांचा रक्तगट लुईस-निगेटिव्ह असतो (ही नेहमीच्या ए, बी, ओ गटांहून वेगळी वर्गवारी). त्यांच्यात रोग पसरला तरी रिपोर्ट निर्धास्त दिसू शकतो.

मग तपासणी निरुपयोगी? मुळीच नाही. शस्त्रक्रियेनंतर किंवा केमो चालू असताना आकडा घसरत गेला, तर ते सहसा चांगलं लक्षण. चढत राहिला तर डॉक्टर स्कॅन सांगतात. जास्त पातळी असलेल्या गटाचं सरासरी आयुर्मान कमी दिसतं, हेही खरं. पण ती गटाची सरासरी. समोरच्या एका माणसाचे महिने त्यातून मोजता येत नाहीत.