जामीन कोण, कर्जदार कोण : अमेरिकी अध्यक्षांच्या कर्जांची पार्श्वभूमी

डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर कोणाचे किती कर्ज आहे, हा प्रश्न २०१६ पासून पुन्हा पुन्हा निघतो आणि दर वेळी एका सरकारी नमुन्यापाशी येऊन थांबतो. २७८-ई या नावाचा हा नमुना अध्यक्षांना दरवर्षी भरावा लागतो. त्याचा आठवा भाग देण्यांचा. रकाने साधे आहेत : धनको, कर्जाचा प्रकार, रक्कम, घेतल्याचे वर्ष, व्याजदर, मुदत. रक्कम मात्र नेमक्या आकड्यात लिहायची नसते, ठरलेल्या गटांपैकी एक निवडायचा असतो. सर्वांत वरचा गट ‘५ कोटी डॉलरहून अधिक’ असा आहे. कर्ज ५ कोटी एक डॉलर असो की ५० कोटी, या कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

२०१७ च्या नमुन्यात फ्रँकफर्टच्या डॉइश बँकेच्या चार नोंदी होत्या. मायामीजवळच्या गोल्फ रिसॉर्टवरची दोन कर्जे, शिकागोच्या टॉवरवरचे एक आणि वॉशिंग्टनमध्ये जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत काढलेल्या हॉटेलवरचे एक. गटांच्या खालच्या टोकांची बेरीज केली तर १३ कोटी डॉलर होतात. प्रत्यक्षात रिसॉर्टसाठी १२.५ कोटी आणि हॉटेलसाठी १७ कोटी मंजूर झाले होते. म्हणजे शिकागो बाजूला ठेवले तरी आकडा दुपटीच्या पुढे जातो. नमुना खोटा भरला होता असे यातून निघत नाही. तो नियमाप्रमाणेच भरला होता आणि अडचण तिथेच आहे.

परक्याच्या पैशाची धास्ती अमेरिकेच्या राज्यघटनेइतकीच जुनी. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७० मध्ये फ्रान्सच्या राजाशी गुप्त तह करून पैसे घेतले होते. घटना लिहिणाऱ्यांना तो इतिहास ठाऊक होता. त्यामुळे परकीय राजा, राजपुत्र किंवा राज्याकडून काँग्रेसच्या संमतीशिवाय भेट, मोबदला, पद वा किताब घ्यायचा नाही, असे कलम १७८७ च्या मसुद्यात आले. कर्जाचा शब्द त्यात नाही. बाजारभावाने घेतलेले कर्ज म्हणजे भेट नव्हे, असेच बहुतेक कायदेपंडित मानतात. सवलतीच्या व्याजाचे कर्ज भेटीत मोडते का, यावर वाद होऊ शकतो. ट्रम्प यांच्यावर या कलमाखाली जे खटले गुदरले गेले ते मुख्यतः परदेशी पाहुण्यांनी हॉटेलात मोजलेल्या भाड्यांचे होते. त्यांपैकी दोन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, त्यांचा पहिला कार्यकाळ संपल्यावर, निरर्थक ठरवून निकाली काढले. परकीय मोबदला म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मिळालेच नाही.

आजची चौकट वॉटरगेटनंतरची आहे. १९७८ च्या कायद्याने उच्चपदस्थांना मिळकत आणि देणी जाहीर करणे बंधनकारक झाले. पण ज्या फौजदारी कलमाने अधिकाऱ्याला स्वतःचे हितसंबंध गुंतलेल्या विषयात हात घालायला मनाई केली, ते अध्यक्ष आणि उपाध्यक्षांना लागू होत नाही. १९७४ मध्ये एका गडगंज उद्योगपती घराण्यातल्या नेत्याची उपाध्यक्षपदासाठी छाननी चालू असताना न्याय खात्याने पत्र लिहून तसा अर्थ सांगितला आणि १९८९ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला. अध्यक्षाला कुठल्याच विषयातून बाजूला होता येत नाही, त्याच्या जागी सही करणारा दुसरा कोणी नसतो, असे त्यामागचे म्हणणे. ते समजण्यासारखे आहे. मात्र त्यामुळे नागरिकाच्या हातात उरतो तो फक्त हा नमुना, आणि म्हणून त्यातल्या प्रत्येक शब्दाला वजन येते.

त्यातला सगळ्यात गुंत्याचा शब्द म्हणजे ‘वैयक्तिक’.

नियम असा की अध्यक्ष स्वतः ज्या कर्जाला बांधील आहेत तेच लिहायचे. त्यांच्या कंपनीने घेतलेले आणि त्यांनी स्वतः हमी न दिलेले कर्ज लिहायची गरज नाही. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. कर्ज भावकीतल्या दुसऱ्याचे असते, सही आपली असते आणि हप्ते थकले की नोटीस आपल्या दारात येते. अमेरिकेतल्या मोठ्या इमारतींची कर्जे बहुधा उलट पद्धतीची असतात. तारण फक्त इमारतीचे. कर्ज थकले तर बँक इमारत ताब्यात घेते, मालकाच्या बाकी मिळकतीला हात लावत नाही. कायद्याच्या दृष्टीने पहिले कर्ज माणसाचे, दुसरे इमारतीचे.

आता न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीचे पाहू. मॅनहॅटनमध्ये ‘१२९० ॲव्हेन्यू ऑफ द अमेरिकाज’ नावाचा कार्यालयांचा मनोरा आहे. त्यात ट्रम्प यांचा ३० टक्के हिस्सा आहे, कारभार ७० टक्केवाल्या भागीदाराकडे. २०१२ मध्ये या मनोऱ्यावर ९५ कोटी डॉलरचे कर्ज काढले गेले. देणाऱ्या चार बँकांत एक जर्मन, एक स्वित्झर्लंडची आणि एक चीनची सरकारी बँक होती. ट्रम्प यांची वैयक्तिक हमी नव्हती, म्हणून आठव्या भागात ओळ नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये एका न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या मालकीच्या कंपन्यांवर किमान ६५ कोटी डॉलरचे कर्ज निघाले. जाहीर कागदांवरून जेवढे दिसत होते त्याच्या दुप्पट. भागीदारीतली कर्जे त्याहून वेगळी.

चिनी बँकेबद्दल एक खुलासा इथेच द्यायला हवा. आपला वाटा काही आठवड्यांतच विकला, असे त्या बँकेने २०२० मध्ये सांगितले. अशी कर्जे रोख्यांत रूपांतरित होऊन बाजारात जातात, मग खरा धनको कोण हे मालकालाही माहीत नसते. ‘अध्यक्ष चीनचे कर्जदार’ हा प्रचार त्यामुळे टिकत नाही. पण त्यावरून ते कर्ज नोंदण्याच्याच लायकीचे नव्हते, हे म्हणणेही मला पटत नाही. इमारत गेली तर ३० टक्के हिस्सा जातो, आणि तो त्यांच्या संपत्तीतला एक मोठा तुकडा आहे. मुदत वाढवून द्यायची की नाही हे ठरवणाऱ्याचा दाब सहीवर अवलंबून नसतो.

शिवाय हा ३० टक्के हिस्सा आला कुठून? तोही एका कर्जातूनच. १९९० मध्ये ट्रम्प यांचा व्यवसाय सुमारे ३४० कोटी डॉलरच्या कर्जाखाली दबला होता आणि त्यांपैकी ८० कोटींहून अधिक रकमेला ते स्वतः जामीन होते. धनकोंमध्ये जपानी बँकाही होत्या. दिवाळखोरीत ओढण्यापेक्षा सांभाळून घेणे बँकांना परवडले. त्यांनी हप्ते लांबवले आणि घरखर्चाला महिना साडेचार लाख डॉलरची मर्यादा घातली. १९९१ मध्ये त्यांची आलिशान नौका एका सौदी राजपुत्राने विकत घेतली. मग १९९४ मध्ये हडसन नदीकाठच्या रेल्वेयार्डाच्या जमिनीवरचे थकलेले कर्ज हाँगकाँगच्या गुंतवणूकदारांनी अंगावर घेतले आणि ट्रम्प यांना ३० टक्के वाटा राखून दिला. २००५ मध्ये त्या गुंतवणूकदारांनी ती मिळकत १७६ कोटी डॉलरला विकून दोन मनोरे घेतले. एक हा, दुसरा सॅन फ्रान्सिस्कोत. अशी विक्री नको म्हणून ट्रम्प कोर्टात गेले होते. आज तो हिस्सा त्यांच्या सर्वांत मोलाच्या मालमत्तांपैकी एक आहे.

डॉइश बँकेच्या कर्जांची गोष्ट मात्र हमीचीच. शिकागोच्या टॉवरसाठी त्यांच्या कंपनीने ६४ कोटी डॉलरचे कर्ज काढले होते, त्यातल्या ४ कोटींना ते वैयक्तिक जामीन होते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुदत संपली तेव्हा पैसे भरण्याऐवजी त्यांनी बँकेवरच दावा लावला. जागतिक आर्थिक संकट हे दैवी आपत्तीसारखे आहे, सबब मुदत पाळणे बंधनकारक नाही, असा युक्तिवाद करून त्यांनी ३०० कोटींची भरपाई मागितली. तडजोड २०१० मध्ये झाली. त्यानंतर त्याच बँकेच्या दुसऱ्या खात्याने, श्रीमंत ग्राहक सांभाळणाऱ्या विभागाने, त्यांना पुन्हा कर्ज दिले. व्याज कमी, पण बदल्यात पुरी वैयक्तिक हमी. निव्वळ संपत्ती २५० कोटी डॉलरच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि दरवर्षी मालमत्तेचे विवरण द्यायचे, अशी अट होती.

त्या विवरणांवरूनच न्यूयॉर्क राज्याने नागरी खटला भरला. १०,९९६ चौरस फुटांची सदनिका ३०,००० फुटांची दाखवली होती, असे त्यात उघड झाले. कर्जे व्याजासह फिटली आणि आम्ही स्वतः पडताळणी करतच होतो, असे बँकेच्या अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३५.५ कोटी डॉलरची वसुली ठरली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने ती अवाजवी म्हणून रद्द केली. निकाल काहीही लागो, कर्जाच्या अटी लोकांसमोर आल्या त्या कोर्टाच्या दप्तरातून. आठव्या भागाने त्या कधीच दाखवल्या नव्हत्या.

हितसंबंधांचा प्रश्न पुस्तकी नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये, शपथविधीच्या काही दिवस आधी, याच बँकेने घरकर्जाच्या रोख्यांवरून अमेरिकेच्या न्याय खात्याशी ७२० कोटी डॉलरची तडजोड पक्की केली. मॉस्को शाखेतल्या शेअर व्यवहारांवरून न्यूयॉर्क आणि लंडनच्या नियामकांनीही त्याच महिन्यात दंड ठोठावले. न्याय खाते अध्यक्षांच्या हाताखालचे आणि बँक अध्यक्षांची सर्वांत मोठी धनको. या कर्जांमुळे बँकेला सवलत मिळाली असे कुठे सिद्ध झालेले नाही. पण अध्यक्षाला आपल्या सावकाराविरुद्धच्या तपासाचा प्रमुख करून ठेवणारी ही रचना होती, आणि ती कायदेशीर होती.

२०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समित्यांनी बँकेकडून कागद मागवले. अध्यक्ष कोर्टात गेले. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांच्या खासगी कागदांसाठी जास्त कडक कसोटी घालून प्रकरण खाली पाठवले. निवडणुकीआधी काहीच हाती आले नाही. सप्टेंबरमध्ये त्यांच्या करविवरणांतून बातमी फुटली : ४२ कोटी १० लाख डॉलरच्या कर्जाला ते वैयक्तिक बांधील आणि त्यातले ३० कोटींहून अधिक पुढच्या चार वर्षांत फेडायचे. मालमत्तेच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे, असे त्यांनी प्रचारात सांगितले.

आपल्याकडच्या उमेदवाराचे नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र या एका बाबतीत उजवे आहे. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आलेल्या या कागदावर धनकोचे नाव आणि रुपयांतली नेमकी रक्कम लिहावी लागते. २०१९ पासून परदेशातली मालमत्ता आणि देणीही. पण निवडून आल्यावर खासदाराने शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत जे विवरण सभागृहाला द्यायचे, त्यात कायदा फक्त सार्वजनिक वित्तसंस्था आणि सरकार यांची देणी विचारतो. खासगी सावकार देशी असो वा परदेशी, तो तिथे येत नाही. आणि कंपनीच्या नावावरचे कर्ज इथेही उमेदवाराचे धरले जात नाही.

कंपनी आणि माणूस यांच्यातल्या या भिंतीआडून काय निसटते, हे ट्रम्प यांच्या कंपनीवर असलेल्या दक्षिण कोरियाच्या देवू समूहाच्या कर्जावरून दिसले. नव्वदच्या दशकातल्या व्यवहारांतून राहिलेले १ कोटी ९८ लाख डॉलर वर्षानुवर्षे कंपनीच्या हिशेबात जसेच्या तसे होते. २०१६ चा प्रचार आणि शपथविधी होऊनही लोकांना त्याचा पत्ता नव्हता. जून २०१७ च्या अखेरीस ते ४३ लाखांवर आले आणि पाच दिवसांत पूर्ण फिटले. कोरियन द्वीपकल्पावर क्षेपणास्त्रांचा ताण चढत होता तेव्हाची ही गोष्ट. बातमी आली डिसेंबर २०२२ मध्ये.

जर्मन बँकेची कर्जे तोवर मिटत आली होती. हॉटेल ३७.५ कोटींना विकून, रिसॉर्टचे कर्ज कॅलिफोर्नियातल्या एका बँकेकडे वळवून, आणि शिकागोचे २०२३ मध्ये फेडून. जानेवारी २०२१ मधल्या संसदभवनावरच्या हल्ल्यानंतर नवे व्यवहार न करण्याचे त्या बँकेने ठरवलेच होते. दुसऱ्या कार्यकाळात परदेशी सावकाराचा प्रश्न सुटला, असे त्यावरून वाटू शकते.

मार्च २०२५ मध्ये अबुधाबीच्या सरकारी पाठबळाच्या एका गुंतवणूक कंपनीने बायनान्स या क्रिप्टो बाजारात २०० कोटी डॉलर घालायचे जाहीर केले आणि त्यासाठी ट्रम्प कुटुंबाशी निगडित कंपनीचे डॉलरशी जोडलेले नाणे वापरले. असे नाणे म्हणजे पैसे जमा करून घेतलेली पावती. मागेल त्याला डॉलर परत करायचे, तोवर त्या पैशांवरचे व्याज नाणे काढणाऱ्याचे. बायनान्सच्या संस्थापकाला ऑक्टोबर २०२५ मध्ये अध्यक्षांनी माफी दिली. जमा झालेली अशी रक्कम नाणे काढणाऱ्या कंपनीचे देणे असते. तिला अध्यक्षांची वैयक्तिक हमी नसेल, तर आठव्या भागात तिच्यासाठी ओळ लिहावी लागत नाही.