जोडा वाकतो तिथंच पाय वाकतो का?

उसाच्या फडात, कुपवाड-मिरजेच्या कारखान्यांत किंवा पाटणच्या डोंगरात दिवसभर राबणारा माणूस आठ हजार पावलं सहज टाकतो. म्हणजे एकेक पाय चार हजार वेळा वाकतो. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर आकडा बारा लाखांवर जातो. हे वाकणं बुटात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापासून करंगळीच्या मुळाच्या सांध्यापर्यंत, चवड्यावरून जरा तिरकी जाणारी एक रेषा असते. सगळा मार तिच्यावर बसतो. चामड्याचा बूट चिरतो, शिवण सोडतो, तळ उकलतो किंवा पायाला चावतो, ते बहुतेक वेळा या रेषेच्या चार बोटं अलीकडे-पलीकडे. तरी दुकानात आपण पहिल्यांदा काय करतो? बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघतो.

टोकाला जागा हवीच. सगळ्यात लांब बोटापुढे १२ ते १५ मिमी मोकळं असावं, कारण उतारावर पाय पुढे सरकतो. पण टोकाशी जागा बरोबर असूनही वाकण्याची जागा चुकलेली असू शकते, आणि आपल्या भागात हे फार होतं. लहानपणापासून अनवाणी किंवा उघड्या पायताणात वावरलेल्या पायाची बोटं पसरलेली असतात. चवडा रुंद, टाच त्या मानानं अरुंद. तयार बूट करंगळीपाशी आवळतो, म्हणून माणूस एक-दोन नंबर मोठा घेतो. आपल्याकडचे ६, ७, ८ हे नंबर इंग्रजी पद्धतीचे. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मिमी. दोन नंबर वाढवले की चवड्याच्या घेरात साधारण १२ मिमी मिळतात खरे, पण लांबी १७ मिमीनं वाढते. वाकण्याची रेषा टाचेपासून लांबीच्या साधारण ७२ टक्क्यांवर असते, म्हणजे बुटातली ती रेषा पायाच्या रेषेपेक्षा १२ मिमी पुढे जाते. मग पाय एका जागी वाकतो आणि बूट दुसऱ्या. वरच्या चामड्याची वळी बोटांच्या पाठीवर घासते, तळातल्या पोलादी पट्टीचं टोक चवड्याला टोचतं, टाच दर पावलाला उचलते आणि मोजे भोकं पडून फाटतात. वर्षभर वापरला तरी असा बूट ‘रुळत’ नाही.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद आहेत, हे त्यात दिसलं आणि त्यावरून ‘भा’ नावाची देशी मापपद्धती आखण्यात आली. ती दुकानांत सर्रास दिसेपर्यंत रुंद पायाच्या माणसानं बूट करून घेणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

माप संध्याकाळी द्यावं, कामावरून आल्यावर. दिवसभर उभं राहून पायात पाणी उतरलेलं असतं, आणि बूट सहन व्हायला हवा तो त्याच पायाला. कामावर घालता तेच मोजे घालून जाड कागदावर दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. पेन्सिल उभीच धरून दुसऱ्या कुणीतरी दोन्ही पावलांची कड काढावी. पेन्सिल आत कलली की प्रत्येक बाजूला दोन-तीन मिमी चोरीला जातात. मग अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाची हाडं चाचपून कागदावर दोन खुणा करायच्या. त्या जोडल्या की वाकण्याची रेषा मिळाली. आता टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतची लांबी, ही दोन मापं वेगवेगळी लिहा. दुसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत. ते कारागिराकडे आग्रहानं लिहून घ्या. त्यानंतर शिंप्याच्या टेपनं तीन घेर: चवड्याचा, पावलाच्या उंचवट्याचा, आणि टाचेच्या टोकापासून तिरका वर जाऊन पायाच्या घडीवरून फिरणारा. हा शेवटचा घेर चुकला तर बुटात पाय जाणारच नाही, किंवा गेला तर टाच डुगडुगेल. बूट घोट्याच्या वर जाणारा असेल तर तिथलाही घेर हवा. दोन्ही पाय सारखे नसतात. बूट मोठ्या पायाला बेतायचा आणि लहान पायाच्या बुटात पातळ पाताव्यानं भर घालायची.

कारागीर ही मापं फर्म्यावर, म्हणजे ज्यावर बूट बेततात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, उतरवतो. दर माणसाला नवा लाकडी फर्मा कोरत नाहीत. टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी ज्याची जुळते तो फर्मा निवडून, जिथं रुंदी कमी पडते तिथं चामड्याचे पातळ तुकडे चिकटवून आणि घासून तो भरून घेतात. मागितलात तर चांगला कारागीर फर्मा तुमच्या कागदावर ठेवून दाखवेल. करंगळीची बाजू कागदावरच्या रेषेच्या आत पडत असेल तर तिथंच थांबवा. शिवून झालेल्या बुटात चामडं घेरात चार-पाच मिमी ताणेल, लांबीत काहीच नाही.

आता चामडं. जनावराचं कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची गुंतागुंतीची वीण. वरच्या पापुद्र्याजवळ ही वीण बारीक आणि घट्ट, खाली मांसाकडे जाड आणि सैल. पाठीचा भाग सर्वांत घट्ट, पोट आणि काखा सैल. महाराष्ट्रात कामाच्या बुटांना मुख्यतः म्हशीचं चामडं येतं. ते जाड आणि दणकट, पण त्याचे धागे भरड असतात, त्यामुळे कातड्याचा कुठला भाग घेतला याला जास्त महत्त्व येतं. चवड्यावर येणारा तुकडा पाठीतलाच हवा, २ ते २.४ मिमी जाड, आणि कमी ताणणारी दिशा टोकाकडून टाचेकडे जाणारी. पोटाचा तुकडा चवड्यावर लावला तर दोन महिन्यांत तिथं पिशवी होते.

पारख सोपी आहे. तुकडा गुळगुळीत बाजू आत घेऊन बोटावर वाकवा. बारीक, केसासारख्या सुरकुत्या पडल्या आणि सोडल्यावर मावळल्या तर वीण घट्ट. जाड, फुगीर वळ्या पडल्या तर वरचा पापुद्रा खालच्या थरापासून सुटत चाललाय. तो चवड्यावर नको. मग कापलेली कड बघा. वर प्लॅस्टिकची चकचकीत साय आणि खाली नुसता केसाळ भुसा दिसला तर ते खालच्या थराचं, लेप दिलेलं चामडं. नवेपणी ते सगळ्यांत देखणं दिसतं आणि वाकण्याच्या रेषेवर सगळ्यांत आधी पापुद्रे सोडतं.

कमावण्याच्या दोन पद्धती आहेत आणि चांगल्या बुटात दोन्ही लागतात. बाभळीची साल आणि हिरडा यांतली टॅनिन द्रव्यं कोलॅजनला धरून बसतात, ही जुनी पद्धत. कोल्हापुरी पायताण याच चामड्याचं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा जिल्हेही आहेत. हे चामडं ताठ, घाम शोषणारं आणि पायाचा ठसा घेणारं असतं. म्हणून बुटाच्या आतला तळवा, ३ ते ४ मिमी जाड, याचाच हवा. महिन्याभरात त्यावर तुमच्या चवड्याची आणि बोटांची खळी उमटते, तेव्हा बूट खरा बसला. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. तिचं पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यानं अमेरिकेत १८८४ साली घेतलं. क्रोमचं चामडं मऊ, पाण्याला आणि उष्णतेला जास्त टिकणारं, म्हणून वरच्या भागाला ते. भिजलेलं सालीचं चामडं ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसतं, क्रोमचं शंभर अंशांच्या आसपास तग धरतं. भिजलेला बूट चुलीच्या तोंडाशी वाळत ठेवला की आतला तळवा बशीसारखा का वळतो, ते यावरून कळेल. एकदा आक्रसलेलं कोलॅजन परत ताणता येत नाही.

हिरड्याचा आणखी एक गुण बुटाच्या जिवावर येतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) एकत्र केले की काळी शाई होते, हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे. बुटातही तेच घडतं: आतल्या तळव्यात लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या, त्या घामानं गंजल्या, की लोह आणि टॅनिन मिळून चुकेभोवती काळं कडं तयार होतं आणि तिथलं चामडं ठिसूळ होऊन गळतं. चूक जागेवर, भोवतीचं चामडं गायब. म्हणून पितळी चुका मागा. दोराही सुती नको. घामानं तो कुजतो. मेण ओढलेला पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा दोरा घ्यावा.

तळ कसा जोडलाय यावर बुटाचं आयुष्य ठरतं. नुसता चिकटवलेला तळ वाकण्याच्या रेषेवर उकलतो, आणि पॉलियुरेथेनचा साचेबंद तळ तर कपाटात पडून राहिला तरी हवेतल्या ओलाव्यानं काही वर्षांत भुगा होतो. टिकाऊ रचनेत वरचं चामडं, आतला तळवा आणि चामड्याची एक अरुंद पट्टी, म्हणजे वेल्ट, ही तिन्ही एका शिवणीत जोडतात. बाहेरचा तळ त्या पट्टीला वेगळ्या शिवणीनं. तळ झिजला की फक्त दुसरी शिवण उसवायची, पायाशी असलेल्या पहिल्या शिवणीला हात लागत नाही. हातशिवणीत दोन सुया एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी जातात, त्यामुळे एक टाका घासून तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत. तळाला इंचाला पाच-सहा टाके पुरतात. जास्त टाके म्हणजे जास्त मजबुती असं वाटतं, पण दाट भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते.

तळाची जाडी वाढवतानाही विचार हवा. वाकताना तळाची जमिनीकडची बाजू ताणली जाते, आणि हा ताण जाडीच्या निम्म्याला वाकण्याच्या त्रिज्येनं भागल्याइतका. ६० मिमी त्रिज्येत वाकणारा ६ मिमी तळ ५ टक्के ताणतो, १२ मिमीचा १० टक्के. दुप्पट जाड तळ चवड्यावर दुप्पट ताण घेऊन लवकर चिरतो. टाचेखाली हवी तेवढी भर घाला, चवड्याखाली हात राखून.

नक्षी मातीवर ठरवावी. कृष्णाकाठची काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. दाट, बारीक खाचांमध्ये ती अशी बसते की शंभर पावलांत तळ सपाट होतो आणि पायाला मातीची वजनं लागतात. तिथं विरळ, रुंद खाचा बऱ्या, ज्यांतून माती वाकताना आपोआप सुटते. महाबळेश्वर-पाटणकडे ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथं मऊ रबर आणि जास्त कडा पकड देतात. जत, आटपाडी, माणच्या मुरमाड माळावर झीज हाच शत्रू. कडक रबर घ्या.

एका गोष्टीत हातच्या कामाचा आग्रह धरू नये. फाउंड्रीत, लेथवर, जिथं पायावर जड वस्तू पडू शकते तिथं आयएस १५२९८ भाग २ या सुरक्षा बुटांच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेलाच बूट. त्याच्या टोकातली टोपी २०० ज्यूलचा आघात, म्हणजे २० किलोचं वजन एक मीटरवरून पडल्याचा, आणि १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टनाचा दाब सोसते. साध्या पत्र्याची टोपी दबली तर बोटांवरच मिटते. वितळलेल्या धातूजवळ काम असेल तर नाडीचा बूट नको. थेंब नाडीत अडकतो आणि बूट झटकन काढता येत नाही.

तयार बूट घालून बघताना नाडी सैल करा, पाय पुढे ढकला. टाचेमागे एक बोट जायला हवं. आता टाच मागे ठोकून बसवा आणि नाडी बांधा. नाडीच्या दोन्ही पट्ट्यांमध्ये १५ ते २० मिमी अंतर समांतर राहावं. पट्ट्या आत्ताच भिडल्या तर चामडं ताणल्यावर आवळायला जागाच उरणार नाही. मग एक गुडघा टेकून बसा. मागच्या पायाच्या बुटावर पडणारी वळी तुमच्या चवड्याच्या सांध्यांच्या बरोबर वर आहे का, ते बोटानं दाबून बघा. पुढे असेल तर कारागिराला तेव्हाच सांगा. टाच चार-पाच मिमी उचलली तर चालेल, तळ मऊ झाल्यावर ते थांबतं. सेंटिमीटरभर उचलली तर कधीच थांबणार नाही. पहिल्या आठवड्यात रोज तास-दोन तासच घाला.

दोन पायांत मिळून अडीच लाखांच्या आसपास घामाच्या ग्रंथी आहेत. रात्रीत बूट पुरता वाळत नाही, म्हणून जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा. भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत, वाऱ्याला ठेवा आणि कागद दोन-तीनदा बदला. सिमेंटचं काम असेल तर रोज ओल्या फडक्यानं पुसा. त्याची अल्कली चामड्याचे धागे खाते.

महिन्यातून एकदा तेल पाजावं, पण कुठलं ते महत्त्वाचं. घरात आहे म्हणून जवसाचं किंवा करडईचं लावू नका. ही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातात. धाग्यांमध्ये गेलेलं तेल तिथंच कडक होतं आणि चामडं वाकण्याच्या रेषेवर तडकतं. एरंडेल सुकत नाही. तीन भाग एरंडेलात एक भाग मधमाश्यांचं मेण, भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवलं की चांगलं मलम होतं. एका जोडीला चहाचा एक चमचा पुरे, शिवणीत आणि वळीत जास्त चोळून. याहून जास्त पाजलं तर धागे एकमेकांवरून घसरायला लागतात, चामडं ढिलं पडतं आणि चिकटवलेले भाग सुटतात.

तळ बदलायला नेण्याची वेळ चवड्यावरून ओळखा. तिथली जाडी २ मिमीच्या आसपास आली, की न्या. आणखी महिनाभर ओढलात तर झीज वेल्टच्या शिवणीला भिडते आणि मग पट्टीही नवी घालावी लागते. देताना कारागिराला एवढं नक्की सांगा: नवे टाके जुन्याच भोकांतून घाला. आरीनं शेजारी दुसरी रांग पाडली की पट्टीची ताकद निम्म्यावर येते, आणि तिसऱ्यांदा तळ बसवायला तिच्यात जागा राहत नाही.