बुद्धिमत्ता चाचणी : पॅरिसहून अप्पा बळवंत चौकात

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, शिष्यवृत्ती परीक्षेची पुस्तकं मागितली, की दुकानदार गणित-मराठीच्या जोडीला ‘बुद्धिमत्ता चाचणी’चंही पुस्तक पुढे ठेवतो. घोकून तयार करायची बुद्धिमत्ता! ही चाचणी मुळात निघाली ती मात्र अगदी उलट कामासाठी.

फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचं काय करायचं, हा प्रश्न समोर आला. मानसतज्ज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची मोजपट्टी बनवली, ती वेगळी मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. बुद्धी जन्मतःच ठरते आणि तशीच राहते, हे बिनेला मान्य नव्हतं. पण १९१२ मध्ये जर्मन मानसतज्ज्ञ विल्यम स्टर्नने मानसिक वयाला (मुलाची उत्तरं ज्या वयाला शोभतात ते वय) प्रत्यक्ष वयाने भागलं, अमेरिकेत लुईस टर्मनने १९१६ मध्ये त्याला १०० ने गुणलं आणि बुद्ध्यंक, म्हणजे आयक्यू, मुलाला चिकटला तो चिकटलाच.

ही मोजपट्टी मराठी मुलांपर्यंत आणली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. कन्नड आणि मराठी मुलांना तपासून त्यांनी ती इथल्या मातीत बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. ‘बिने-कामत’ आजही मानसतज्ज्ञांच्या हाताशी असते, आणि बहुतेकदा अडखळणाऱ्या मुलासाठीच.

पुण्याने वळण घेतलं ते पुढच्या टोकाकडे. १९६२ मध्ये डॉ. अप्पा पेंडसे यांनी सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. हुशार मुलं निवडायची, शाळेच्या वेळेबाहेर त्यांना घडवायचं आणि समाजाला नेतृत्व द्यायचं, असा बेत. स्वतंत्र प्रशाला आली १९६९ मध्ये. प्रबोधिनी एका आकड्यावर थांबली नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. अमेरिकी मानसतज्ज्ञ गिलफर्डच्या प्रतिमानात, म्हणजे बुद्धीच्या आराखड्यात, बुद्धीचे तब्बल १२० पैलू होते. प्रबोधिनीच्या चाचण्या त्या प्रतिमानावर उभ्या राहिल्या. पण शहराने त्यातून उचललं एवढंच : प्रवेशाला नंबर ‘लागला’ की ‘नाही लागला’.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तोवर डहाणूजवळच्या आदिवासी भागात, कोसबाडला, भलतंच काही करत होत्या. तिथे मूल निवडायचा प्रश्नच नव्हता. मूल येत नसेल तर शाळाच पाड्यावर न्यायची, गुरं राखत असेल तर कुरणात. आमच्या बी.एड.च्या वर्गांना ‘रचनावाद’ (मूल आपल्या अनुभवातून स्वतःच ज्ञान रचतं, हा विचार) हा शब्द फार नंतर मिळाला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी केली. दंड पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत, पुढे दर वेळी ५०,००० पर्यंत. तरी पुण्यातले पालक बालवर्गाच्या ‘इंटरॅक्शन’ला निघताना रिक्षात पोराकडून रंगांची नावं म्हणवून घेतातच.