रिले की डीसी-डीसी चार्जर? दोघांनाही ‘आयसोलेटर’ म्हणतात म्हणून गोंधळ

ईको नाहीतर ट्रॅव्हलरची छोटी कॅराव्हॅन करायला घेतली की सगळे आधी मागच्या, म्हणजे फ्रीज-पंखे चालवणाऱ्या बॅटरीवर तुटून पडतात, १०० एएच (अँपिअर-अवर) घ्यायची का २००, कुठल्या कंपनीची, अ‍ॅपवर दिसते का. ती बॅटरी गाडी चालता चालता चार्ज कशी होणार हा विषय येतो एकदम शेवटी, आणि तोही पुण्याच्या इलेक्ट्रिकल बाजारात, तपकीर गल्लीत काउंटरवर उभं राहून. तिथे विचारलं की एक दुकानदार मुठीत मावेल असा काळा रिले काढून देतो, हजार-दोन हजारात काम. शेजारचा सांगतो डीसी-डीसी चार्जर घ्या, आणि किंमत ऐकून आपण गप्प, कारण बऱ्यापैकी ब्रँडचा घ्यायचा तर दहा हजारांच्या पुढेच. दोघंही वस्तूला आयसोलेटरच म्हणतात, दोघांनाही पुढून, म्हणजे गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीकडून, प्लस येतो आणि मागे प्लस जातो, मग आपण अर्थातच स्वस्तातला उचलतो.

रिले, म्हणजे व्होल्टेज बघून चालणारा तो व्हीएसआर, हा फक्त एक स्विच आहे. इंजिन चालू झालं, पुढच्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडतो, आणि १२.८ च्या आसपास खाली आलं की तोडतो. आकडे कंपनीप्रमाणे थोडे इकडेतिकडे, पण तत्त्व तेच. करंट किती जावा, कुठल्या दिशेला जावा, बॅटरी भरल्यावर थांबावं का, यातलं काहीही तो ठरवत नाही. सोसायटीच्या दोन टाक्या पाईपने जोडल्या तर पाणी जिकडे पातळी कमी तिकडे जाणार, तो रिले. खालच्या टाकीतून वरच्या टाकीत मोटर लावून पाणी चढवायचं, तो डीसी-डीसी चार्जर. पुढून १२ येवोत नाहीतर १४.५, मागे तो त्याला हवं तेच व्होल्टेज काढतो, करंटला त्याची मर्यादा असते (१८, २०, ३० अँपिअर, मॉडेलवर लिहिलेलं असतं) आणि बॅटरी भरली की स्वतःहून खाली येतो.

आता एवढं ऐकून कोणी म्हणेल की पूर्वी सगळे रिलेच लावायचे, काय बिघडलं? काहीच नाही बिघडलं, कारण मागे पण लेड-अ‍ॅसिडच होती. लेड-अ‍ॅसिड रिकामी असली तरी फार करंट खेचत नाही, भरत आली की अजूनच कमी, आणि इंजिन बंद केल्यावर तिचं व्होल्टेज पटकन १२.७ वगैरेवर येतं म्हणजे रिले सुटतो. दोन्हीकडे सारखीच माणसं, जमून जातं. आजही जुनी गाडी, साधा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) आणि मागे ट्यूब्युलर, म्हणजे लेड-अ‍ॅसिडच, असेल तर मी कोणाला चार्जरवर पैसे घाला म्हणणार नाही, रिले लावा आणि निघा.

लिथियम आली की गणित फिरतं, आणि इथेच नीट बघायला पाहिजे. कॅराव्हॅनमध्ये आपण लिथियम म्हणतो ती बहुतेक वेळा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), चार सेल सिरीजमध्ये, ३.२ व्होल्टचा एकेक, म्हणजे १२.८ व्होल्ट, आणि १०० एएच म्हणजे १२८० वॉट-अवर. हिचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, अर्धी रिकामी झाली तरी विनालोड १३.२ च्या आसपास दाखवते. म्हणजे तुम्ही संध्याकाळी हरिहरेश्वरला पोचून इंजिन बंद केलं तरी मागची बॅटरी १३.२ वर, रिलेला वाटतं अजून १२.८ च्या खाली कुठे गेलंय, इंजिन चालूच असणार, आणि तो जोडलेलाच राहतो. मग रात्री मागची लिथियम पुढच्या लेड-अ‍ॅसिडला भरवत बसते आणि पुढचं जे काही चालू राहिलंय ते पण तिच्याच जिवावर. व्होल्टेजवर चालणाऱ्या रिलेऐवजी इग्निशनच्या वायरवर चालणारा लावला तर हा एक त्रास जातो, पण बाकीचे राहतात.

बाकीचा मोठा म्हणजे करंट. लिथियमचा अंतर्गत रोध खूप कमी, रिकामी असेल तर मिळेल तेवढं खेचते. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरवर जे अँपिअर छापलेले असतात ते थंड असताना आणि चांगल्या आरपीएमला, आयडलला त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ. आता खंबाटकी घाटाच्या रांगेत नाहीतर चांदणी चौकात गाडी आयडलवर उभी आहे, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतोय, समोरून वारा नाही, एसी चालू, आणि मागची रिकामी लिथियम म्हणतेय दे अजून. जळतात ते असेच. गंमत म्हणजे काही जण छातीठोक सांगतात की आमच्याकडे रिलेवर लिथियम किती वर्षं चालू आहे काही होत नाही, आणि उघडून बघितलं तर मागेपर्यंत घरातली अडीच स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटर) वायर ओढलेली असते! अहो ती वायरच तापून करंट अडवतेय, अल्टरनेटर वाचला पण इन्सुलेशन मऊ पडायला लागलं, त्यापेक्षा अल्टरनेटर गेला असता तर बरं असं म्हणायची वेळ.

आणि तिसरा प्रकार नव्या गाड्यांचा. बऱ्याच नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अल्टरनेटरचं व्होल्टेज खालीवर करतो, इंधन वाचावं म्हणून. यालाच स्मार्ट अल्टरनेटर म्हणतात. बॅटरी भरलेली असेल तर १२.६-१२.८ वर आणून ठेवतो आणि उतारावर पाय उचलला की १४.५ च्याही वर नेतो. आता पुढे १२.७ आणि मागे लिथियम १३.२, मधे रिले जोडलेला, तर करंट कुठे जाणार? उलटा. इंजिन चालू असताना मागची बॅटरी गाडीचे हेडलाईट पेटवतेय, आणि तुम्ही पोचल्यावर फ्रीज का बंद पडला म्हणून फ्रीजवाल्याला फोन. अशा गाडीत डीसी-डीसी चार्जरच लागतो, आणि तोही व्होल्टेजवर नाही तर इग्निशनच्या सिग्नलवर चालू होणारा, नाहीतर १२.७ बघून तो समजेल इंजिन बंद आहे.

तुमच्या गाडीत कुठला अल्टरनेटर आहे हे बघायला शे-दोनशेचा मल्टिमीटर पुरतो. बॅटरीवर लावा, कोणालातरी शेजारी बसवा, अर्धा तास गाडी चालवा आणि त्याला आकडे वाचायला सांगा. १४ च्या वर स्थिर राहिला तर साधा. १२.५ ते १५ असा नाचतोय तर स्मार्ट. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर चिकटलेला दिसला तरी स्मार्टच समजा, आणि तो असेल तर मागची निगेटिव्ह वायर थेट टर्मिनलला लावू नका, चेसिसच्या पॉइंटला लावा, नाहीतर सेन्सरला त्या करंटचा हिशोबच लागत नाही.

किती अँपिअरचा घ्यायचा? लोक इथे उगाच मोठ्याच्या मागे लागतात. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज, एक १२ व्होल्टचा पंखा, एलईडी दिवे, मोबाईल, कॅमेरा, सगळं मिळून उन्हाळ्यात दिवसाला ७०० ते ८०० वॉट-अवर धरा, म्हणजे ६० एएच. २० अँपिअरचा चार्जर हे तीन तासांत देतो, आणि पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर म्हणजे चार-साडेचार तास आरामात. मग ४० चा कशाला? छोट्या गाडीच्या अल्टरनेटरला २० पण पुरे झाले. एकाच जागी तीन दिवस मुक्काम ठोकणार असाल तर उत्तर मोठा चार्जर नाही, उत्तर छपरावर सोलर, तो वेगळा विषय.

वायरच्या बाबतीत मात्र कंजूषपणा करू नका. २० अँपिअर बाहेर काढायला आत २५-२६ जातात, कारण व्होल्टेज वाढवायचं आणि थोडी उष्णताही जाते. बोनेटपासून मागेपर्यंत चार मीटर, जाऊन-येऊन आठ, तेवढ्यात अडीच स्क्वेअरमध्ये दीड व्होल्टच्या आसपास गळतो, १० स्क्वेअरमध्ये तिसरा हिस्सा व्होल्ट. म्हणून कमीत कमी १०, जमलं तर १६, आणि वेल्डिंगची मऊ केबल घेतलीत तर वळवायला सोपी. फ्यूज दोन्ही टोकांना. एका बाजूला लावून मोकळं होणारे खूप आहेत, पण इथे दोन्हीकडे बॅटरी आहे, मधे वायर घासून चेसिसला लागली तर दोन्ही बाजूंनी करंट येणार, म्हणून पुढच्या बॅटरीजवळ एक आणि मागच्या बॅटरीजवळ एक.

रिलेच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. पुढची बॅटरी मेली तर काही रिले हाताने जोडून मागच्या बॅटरीवर स्टार्ट मारता येतो, बहुतेक डीसी-डीसी चार्जरमधून तसं उलटं येत नाही. पण लिथियमचा बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) जर १०० अँपिअरचा असेल तर स्टार्टर त्याच्यापेक्षा जास्त मागतो आणि बीएमएस खटकन बंद होतो, त्यामुळे या सोयीवर फार भरवसा नको, जंपर केबल डिकीत असू द्या.

आणि तपकीर गल्लीत अजून एक तिसरंच काहीतरी ‘डीसी टू डीसी’ म्हणून मिळतं, उघड्या सर्किट बोर्डचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यातला बूस्ट कन्व्हर्टर, दोन-अडीच हजाराला. तो व्होल्टेज वाढवतो हे खरं, पण बॅटरी भरली की खाली येणं, इग्निशनला चालू-बंद होणं हे त्याला येत नाही, रात्रभर पुढची बॅटरी उपसून मागे भरत बसेल. विकत घेताना एवढंच विचारा की लिथियमचं प्रोफाईल (चार्जिंगची सेटिंग) आहे का आणि इग्निशनची वायर कुठे लावायची. दुकानदार दुसऱ्या प्रश्नाला अडखळला तर तो चार्जर नाही.

बसवताना गादीखालच्या बंद पेटीत कोंबू नका. २८० वॉट देणारा चार्जर ३० वॉटच्या आसपास उष्णता काढतो, एप्रिलमध्ये पुण्यात बाहेरच ४० असतं, आणि बरेच चार्जर तापले की स्वतःहून करंट कमी करतात. उभा बसवा, वर-खाली हवा खेळू द्या, आणि मागच्या बॅटरीच्या जितका जवळ तितकं बरं.