पॅलॅडियमचे मणी वापरण्यापूर्वी

डब्यातले काळे मणी मोहरीपेक्षाही बारीक दिसतात. ते कॅटॅलिस्ट आहेत, म्हणजे रिॲक्शन वेगाने घडवून आणणारा पदार्थ. मुळात ते पांढऱ्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचे. काळेपणा पॅलॅडियमचा, धातूचे 2 ते 5 नॅनोमीटरचे कण पॉलिमरच्या जाळीत अडकवलेले असतात.

इतके बारीक कशाला? 1 घन सेंटिमीटर पॅलॅडियमचं वजन भरतं 12 ग्रॅम, पृष्ठभाग अवघा 6 चौरस सेंटिमीटर. त्याचेच 5 नॅनोमीटरचे ठोकळे केले तर पृष्ठभाग होतो 1200 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 12 गुंठे. रिॲक्शन पृष्ठभागावरच होते, आतला धातू नुसता बसून राहतो. पण असे कण मोकळे सोडले की एकमेकांना चिकटून मोठे होतात. जाळी त्यांना जागच्या जागी धरून ठेवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मणी फुगले नाहीत तर कॅटॅलिस्ट चालणार नाही. एका ग्राहकाने अख्खा डबा परत पाठवला होता, "माल मेलेला आहे" म्हणून. आम्ही दोन मेजरिंग सिलिंडरमध्ये 10-10 मिली मणी घेतले. एकात टोल्युइन ओतलं, दुसऱ्यात मेथनॉल, दोन्ही सॉल्व्हंट. अर्ध्या तासात टोल्युइनमधले मणी 30 च्या रेघेवर गेले, मेथनॉलमधले होते तिथेच. त्यांची बॅच नुसत्या मेथनॉलमध्ये होती! जाळी मिटलेली, कच्चा माल आत शिरणार कुठून? निम्मं टोल्युइन घातल्यावर त्याच डब्यातल्या मण्यांनी बॅच पुरी केली. टोल्युइन, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) चालतं. नुसतं पाणी किंवा नुसतं मेथनॉल नको. रिॲक्टरमध्ये चार्ज करण्याआधी (टाकण्याआधी) मणी चालणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये तासभर भिजवा.

पॅलॅडियम अजिबात सुटत नाही, असं आम्ही सांगणार नाही. सुझुकी कपलिंगसारख्या (दोन कार्बनी रेणू जोडणाऱ्या) रिॲक्शनमध्ये गरम असताना थोडा धातू द्रावणात उतरतो आणि थंड होताना बराचसा परत मण्यांवर बसतो. म्हणून बॅच ढवळत ठेवून थंड करा, मगच गाळा. तपासायचं असेल तर रिॲक्शन अर्ध्यावर असताना थोडा नमुना गरमच गाळून घ्या आणि मण्यांशिवाय तापवत ठेवा. रिॲक्शन पुढे सरकली तर धातू द्रावणात आहे. औषधाचा माल करणाऱ्यांनी हे टाळू नये. तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलॅडियमची आयसीएच (औषधांचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद) मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आहे.

स्टरर हळू ठेवा. वेगात मणी दळले जातात आणि ती भुकटी फिल्टर तुंबवते. कच्च्या मालात गंधक असेल तर आधी आम्हाला कळवा, गंधकाने पॅलॅडियम निकामी होतं.

हायड्रोजनेशननंतर (रेणूला हायड्रोजन जोडण्याच्या रिॲक्शननंतर) मात्र कोळशावरच्या पॅलॅडियमइतकीच काळजी घ्या. पॅलॅडियम स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे 900 पट हायड्रोजन शोषू शकतं. नायट्रोजन देऊनच गाळा. मणी फिल्टरवर उघडे सुकू देऊ नका, पेट घेऊ शकतात.

काम संपलेले मणी फेकू नका. पाण्याने धुऊन, ओलेच, झाकणबंद डब्यात परत पाठवा. राख करून त्यातलं पॅलॅडियम काढतो आणि जेवढं निघेल त्याची किंमत पुढच्या बिलातून वजा करतो.